लॅपटॉपचा स्वेटर

या, असे जवळ सरका. पंख्याखाली जागा आहे, तिथेच कोंडाळं करून बसा, म्हणजे मला ओरडावं लागणार नाही. एका तापलेल्या यंत्राची गोष्ट सांगते. हिच्यात राजा नाही, राक्षस नाही. एक शहाणा माणूस आहे, एक आत्या आहे, आणि एक पोरगी आहे जिला स्वतःच्या पायावर उभं राहायची घाई झाली होती. शेवटी कुणीतरी हरतं. पण जो हरला त्याला आपण हरलो हे अजून कळलेलं नाही, आणि कळेल असं लक्षणही दिसत नाही.

पोरीला घरात चिंगी म्हणायचे. इमारती कशा उभारायच्या याचं शिक्षण तिने पुरं केलं, उंचीने बापाच्या वर गेली, तरी चिंगी ती चिंगीच. तिचा एक लॅपटॉप होता. काळा, जाडजूड, झाकणावर रागीट डोळ्याचं चित्र. आणि चालू केला की बटणांखालून लाल-हिरवे दिवे पळापळ करायचे. मुळात तो गेम खेळणाऱ्यांसाठी बनवलेला. पण इमारतीची हुबेहूब चित्रं काढायला तसंच दणकट यंत्र लागतं, म्हणून तिने मागितला आणि बाबांनी घेऊन दिला. बाबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. लेक मागते म्हणजे लागत असणार, इतकंच त्यांना कळायचं. नातेवाइकांना याहून कमी कळायचं. गेमचा लॅपटॉप आहे, म्हणजे पोरगी गेम खेळते, आणि गेम खेळते म्हणजे वाया चालली आहे.

आता शहाणा माणूस. तो म्हणजे चिंगीचा मामा, तिच्या आईचा थोरला भाऊ. हे मामा एका मोठ्या कार्यालयात संगणक विभागाचे प्रमुख होते. असं ते स्वतः सांगायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. कार्यालयाचे सगळे मोठे संगणक ज्या खोलीत होते तिची किल्ली त्यांच्याकडे असायची. आत जाऊन काम करणारी माणसं वेगळी. मामा दार उघडायचे, माणसं आत जायची, मामा दार लावून घ्यायचे. इतकी वर्षं ते इमानेइतबारे दार लावत आले होते. खोलीच्या खिडक्या कायमच्या बंद, फटींना पट्ट्या मारलेल्या, धुळीचा कण आत शिरायची सोय नाही. "आमच्या खोलीतलं एक मशीन कधी तापलेलं मी पाहिलं नाही," ते अभिमानाने सांगत. "कारण काय? बंदोबस्त."

त्या खोलीत भिंतीवर रात्रंदिवस चालणारा एक एसी होता. तो मामांच्या हिशोबात कधी आलाच नाही. ज्याची गार हवा फुकट अंगावर येते त्याची आठवण कुणाला राहते? देवाचंही आपण असंच करतो. असो, हे पुढे कामाला येईल.

मामांचं कार्यालय बहिणीच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. जेवणाच्या सुटीत ते तिच्याकडे यायचे आणि सुटी संपली तरी बसायचे, कारण किल्ली त्यांच्या खिशात. घरातलं पान त्यांच्याशिवाय हलत नसे. पडद्याचा रंग कुठला, बाबांनी दात कुठे दाखवावा, चिंगीने काय शिकावं, सगळं "दादाला विचारून बघू". चिंगीने इमारतींचं शिकायचं ठरवलं तेव्हा दादाला विचारलं नव्हतं. ते दादाच्या मनात राहिलं होतं. तिच्यासाठी आपल्या कार्यालयात आवक-जावक विभागात एक खुर्ची त्यांनी हेरून ठेवली होती. "सुरक्षित जागा आहे. खिडकीपासून लांब. वारा नाही, ऊन नाही."

चिंगीला वारा आणि ऊन दोन्ही हवं होतं. ती दुसऱ्या गावी एका वास्तुरचनेच्या कार्यालयात मुलाखतीला जाऊन आली. तिथल्या मुख्य बाईंनी तिने आखलेला दवाखाना कागदावर पाहिला. दोन्ही बाजूंना खिडक्या, मधून वारा आरपार जाणारा, आजाऱ्याला खाटेवरून झाड दिसेल असा. बाई म्हणाल्या, "कागदावर छान आहे. आता मला त्यातून चालवून आण. फिल्म कर. शनिवारी संध्याकाळी आम्ही कुलूप लावायच्या आत पाठव. तुझ्यासारखी आणखी एक मुलगी आहे, तिचीही येणार आहे. जिची पोचेल आणि आवडेल तिला जागा. राहायची खोली आम्ही देतो."

नोकरीचं नाव ऐकून चिंगी खूश झाली, पण खोलीचं ऐकून तिचे डोळे भरून आले. जिथलं पान मामांशिवाय हलेल अशी खोली.

आणि याच मुलाखतीच्या दिवशी, ती घरात नसताना, मामांनी तिचा लॅपटॉप तपासायला घेतला. कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. शहाण्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही.

उलटासुलटा करून त्यांनी तो पाहिला आणि कपाळाला हात लावला. यंत्राला मागच्या कडेला भोकं. दोन्ही बाजूंना भोकं. पोटाला तर जाळीच. इतकं महागाचं यंत्र, आणि बनवणाऱ्याने दारंखिडक्या सताड उघड्या टाकलेल्या. मामांनी खिशातून काळी चिकटपट्टी काढली (ती त्यांच्या खिशात किल्लीच्या शेजारी कायम असे) आणि मागची नि बाजूची सगळी भोकं एकेक करून बुजवली. इतकी सफाईदार, की काळ्यावर काळी पट्टी दिसेना. तेव्हा आई स्वयंपाकघरात होती, बाबा डुलकी काढत होते. मामांनी कुणाला सांगितलं नाही. तंत्रातल्या गोष्टी चारचौघांत बोलायच्या नसतात, असं त्यांचं मत होतं.

उरली पोटाची जाळी. तिथे पट्टी पुरेना. तेव्हा त्यांनी आत्याला हाक मारली.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. मागच्या छोट्या खोलीत राहायची, पहाटे उठून देवाचं म्हणायची आणि उरलेला दिवस विणायची. घरात जी वस्तू स्थिर उभी राहील तिला आत्याचा स्वेटर होता. पाण्याच्या बाटलीला, रिमोटला, बाबांच्या चष्म्याच्या डबीला, दाराच्या कडीला. ज्यांना जवळ घेऊन बसावं अशी माणसं तिच्या आयुष्यात फारशी आली नाहीत, म्हणून ती वस्तूंना ऊब देत असावी. हे आपलं माझं म्हणणं.

"आत्याबाई," मामा म्हणाले, "या मशीनला खालून धूळ लागते. घट्ट विणीचं काहीतरी करा. झाकण उघडता यावं, पण पोट झाकलेलं पाहिजे."

"त्याला चालेल ना हो असं?" आत्याने विचारलं. "नाही म्हणजे, भोकं ठेवलीत तर कशाला तरी ठेवली असतील."

"तुम्ही टाके मोजा," मामा म्हणाले. "बाकीचं आम्ही बघतो."

चिंगी परत आली तेव्हा लॅपटॉप जांभळ्या लोकरीच्या स्वेटरात बसला होता, कोपऱ्यावर एक पांढरं फूल. आत्या दारात उभी राहून तिच्या तोंडाकडे बघत होती. चिंगीने एकदा फुलाकडे पाहिलं, एकदा आत्याकडे, आणि म्हणाली, "किती गोड गं."

तुम्ही शहाणे आहात, तुम्हाला पुढचं कळलं. त्या घरात कुणाला कळलं नाही.

चिंगी कामाला बसली. अशी फिल्म करायची म्हणजे संगणक एकामागून एक हजारो चित्रं रंगवतो आणि मग ती जोडून चालतं दृश्य तयार होतं. ही मुलं त्याला रेंडर करणं म्हणतात. त्या कामात यंत्राचा घाम निघतो. लॅपटॉप थोडी चित्रं रंगवायचा, आतला पंखा विमान उडाल्यासारखा घोंघावायचा, आणि मग पडदा काळा. दिवे गेले, आवाज गेला, सगळं थंड. म्हणजे यंत्राचं अंग सोडून सगळं. वर हात ठेवला तर तवा. निवेपर्यंत थांबायचं, पुन्हा लावायचा, पुन्हा काळा. झालेली चित्रं शाबूत राहायची, पण या चालीने दवाखान्याच्या दारातून आत शिरेपर्यंतच शनिवार उजाडला असता.

घरात वैद्यांची कमी नव्हती. बाबा म्हणाले, विजेचा दाब कमी-जास्त होत असणार. आई म्हणाली, जरा झोपू दे त्याला, सारखं काय कामाला जुंपतेस. मामा जेवणाच्या सुटीत आले, टेबलाशी बसले आणि निदान करून मोकळे झाले.

"गेम."

"मामा, मी गेम खेळत नाही."

"मग गेमचा लॅपटॉप कशाला?"

"इमारतीचं काम जड असतं म्हणून."

"इमारत जड असते, मान्य. तिचं चित्र कसं जड असेल?" मामांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी हसावं की नाही हे न कळून मान हलवली. "दाखव बघू काय काढतेयस."

तिने दाखवलं. मामांनी पडदा बराच वेळ न्याहाळला. "खिडक्या फार झाल्या."

"वारा खेळावा म्हणून."

"वारा म्हणजे धूळ. आजारी माणसाच्या अंगावर धूळ? आमच्या खोलीला एक खिडकी उघडी नाही, आणि आतलं एक मशीन आजारी नाही."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडे त्यांच्या कार्यालयातला शिपाई होता, आणि त्याचा आवाज असा की फोन कानाला लावायची गरज नसे. "साहेब, एसीवाला आलाय. आपला एसी खरखर करतोय ना. किल्ली पाहिजे."

"उद्या ये म्हणावं. मी इथे एका तांत्रिक कामात आहे."

त्या संध्याकाळी चिंगीने गुपचूप स्वेटर उतरवून पाहिला. न जाणो, लोकरीमुळे तापत असेल. लॅपटॉप थोडा जास्त टिकला आणि पुन्हा बंद. म्हणजे स्वेटरचा दोष नाही, असं धरून तिने तो परत चढवला. नाहीतर आत्याला काय वाटलं असतं. पदवीधर पोरगी. दवाखान्याला खिडक्या किती हे झोपेत सांगेल, पण आपल्या यंत्राच्या खिडक्या उघड्या आहेत का हे बघायचं सुचलं नाही. तिला तरी का हसायचं? आपलं नाक चोंदलं की आपण शेजाऱ्याच्या उदबत्तीला नावं ठेवतो.

दुसऱ्या दिवशी ती आंघोळ करून आली तर टेबलावर लॅपटॉप नाही.

"आई, लॅपटॉप कुठाय?"

"फ्रीजमध्ये."

"कुठे?"

"खालच्या कप्प्यात. दादाने ठेवलाय. कोबी बाजूला केला मी."

मामा खुर्चीत बसून होते. "उष्णतेवर उपाय थंडी. एवढं सांगायला पदवी लागत नाही."

चिंगीने फ्रीज उघडला. दुधाच्या भांड्याला टेकून, जांभळ्या स्वेटरात, लॅपटॉप बसला होता. थंडीत कुणी लेकराला बाहेर बसवावं तसा. तिने तो बाहेर काढला आणि बघता बघता त्याच्या काळ्या अंगावर पाण्याचे थेंब उभे राहिले. तिच्या तोंडचं पाणी पळालं. टिपून टिपून कोरडा केला, स्वेटर दोरीवर वाळत घातला, यंत्र तंबूसारखं उभं करून ठेवलं आणि हात जोडून समोर बसली. तो अख्खा दिवस त्यात गेला.

"आता घाम आला म्हणजे ताप उतरला," मामा म्हणाले.

फोन वाजला. "साहेब, एसीवाला परत आलाय."

"मी कामात आहे म्हणून सांगितलं ना."

यंत्र देवाच्या दयेने चालू झालं आणि जुन्या सवयीने बंद पडलं. मग दुरुस्तीच्या दुकानात न्यायचं ठरलं. मामा बरोबर निघाले. वाटेत त्यांनी स्वेटर नीट ओढून घेतला. दुरुस्तीवाल्याने कपाळावरची बत्ती खाली केली आणि विचारलं, "हे काय घातलंय याला?"

"संरक्षण," मामा म्हणाले.

"काढतो. उघडून बघावं लागेल."

"उघडायचं नाही. उघडलं की धूळ जाते."

"मग मी काय वरून हात फिरवू?"

"तुम्ही रोग सांगा. उपाय आमच्याकडे आहे."

दुरुस्तीवाल्याने मामांकडे पाहिलं, मग चिंगीकडे. त्याच्या मागे तापलेल्या, फुटलेल्या, चहा सांडलेल्या यंत्रांची उतरंड होती आणि त्याला कुणाशी हुज्जत घालायची हौस नव्हती. "गेमिंगचे असेच तापतात. ठेवून जा, पुढच्या आठवड्यात बघतो."

"ऐकलंस?" मामा चिंगीला म्हणाले. "गेम."

पुढचा आठवडा तिच्याकडे नव्हता. घरी येऊन मामांनी जाहीर केलं की दुकानदारानेही हात टेकले, आता यंत्राचा नाद सोडावा, सोमवारी आवक-जावकच्या साहेबांना भेटायला यावं. आई म्हणाली, "दादा म्हणतो तर बघून ये ना. बघायला काय जातं?" बाबा चष्म्याची डबी उघडत-मिटत बसले. चिंगी उठून आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. त्या घरात दार लावून घ्यायची रीत नव्हती, त्यामुळे सगळे त्या दाराकडे बघत राहिले.

शनिवारी सकाळी तिने जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरलं, बाबांच्या खणातला बारीक पेचकस आणला आणि स्क्रूसाठी एक वाटी. आई, बाबा, आत्या भोवती उभे राहिले. शस्त्रक्रिया बघायला उभं राहावं तसे. मामांना शनिवारी अर्धी सुटी, पण ते पूर्ण घेत. तेही आले.

"उघडू नकोस," ते म्हणाले.

"उघडते आहे."

"मी जबाबदार राहणार नाही."

"बरं," चिंगी म्हणाली. तिने स्वेटर उतरवून बाजूला ठेवला, स्क्रू एकेक करून वाटीत टाकले आणि खालचं झाकण हलकेच उचललं.

पंख्याच्या पात्यांत जांभळी लोकर अडकली होती. फुगीर, मऊ, चिमणीच्या घरट्यासारखी.

सगळ्यांचे डोळे आधी लोकरीकडे गेले, मग स्वेटरकडे, मग आत्याकडे. आत्याच्या हातात सुया होत्या, त्या थांबल्या.

आणि मामांना कंठ फुटला. "बघा. मी म्हणत होतो. यंत्राला कुणी कपडे घालतं का? बायकांची हौस, दुसरं काय. दाराच्या कडीला स्वेटर, बाटलीला स्वेटर. पोरीचं नुकसान झालं की नाही? आत्याबाई, राग मानू नका, पण वय झालं की माणसाने लुडबूड कमी करावी."

आई म्हणाली, "दादा, जाऊ दे ना." बाबा खाली वाटीतल्या स्क्रूंकडे बघत राहिले. सख्खी बहीण, पण बाबांचा आवाज मामांसमोर नेहमीच चष्म्याच्या डबीत असायचा.

आत्या पुढे आली. "मीच विणलंय," ती म्हणाली. "माझ्यामुळेच अडकलं असेल तर अडकलं. चिंगे, चुकले गं." तिने स्वेटर उचलला, पांढऱ्या फुलाजवळची गाठ दातांनी तोडली आणि धागा ओढला. सगळ्यांसमोर टाके सुटायला लागले, सर्रर्र, ओळीमागून ओळ. ओढता ओढता ती म्हणाली, "माप मात्र मामांनी दिलं होतं. घट्ट वीण घाला, पोट झाकलं पाहिजे. मी विचारलंही होतं, भोकं कशाला तरी ठेवली असतील ना म्हणून."

"मी पोटाचं म्हणालो होतो," मामा म्हणाले. "लोकर घाला असं म्हणालो नव्हतो."

चिंगी तोवर चिमट्याने लोकर काढत होती. पण तिचं समाधान होईना. स्वेटर काढून पाहिला होता तेव्हाही यंत्र बंद पडलं होतं. मग आतली गरम हवा जाते तरी कुठे? तिने यंत्र उजेडाकडे धरलं. मागच्या कडेला, काळ्यावर काळं, काहीतरी चकाकलं. तिने नखाने खरवडलं. पट्टीचं टोक सुटलं आणि ती ओढत गेली, ओढत गेली. मागून, डावीकडून, उजवीकडून. टेबलावर काळ्या पट्ट्यांची रांग लागली.

"हे कुणी केलं?" बाबांनी विचारलं. आठवडाभरात त्यांनी स्वतः विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

आईने पट्टी ओळखली. तशीच पट्टी तिच्या मिक्सरच्या वायरीला होती, गॅसच्या बटणाला होती, दारावरच्या घंटीला होती. तिने भावाकडे पाहिलं. भावाने छताकडे पाहिलं.

"बंदोबस्त," मामा शेवटी म्हणाले. "मी केला म्हणून तर यंत्र आजवर टिकलं. नाहीतर कधीच गेलं असतं. तुम्हाला यातलं कळत नाही."

आता जरा थांबा, इथे एक बोलू द्या. देवाने माणूस घडवला तेव्हा नाकाला भोकं ठेवली. धूळ जाईल हे त्यालाही ठाऊक होतं, तरी बुजवली नाहीत. आत जे पेटलेलं असतं त्याला बाहेर वाट लागते, मग ते यंत्र असो, लेक असो की मागच्या खोलीतली म्हातारी असो. आपण मायेने झाकतो, काळजीने बुजवतो, आणि मग आत कुणीतरी गुदमरून काळं पडलं की म्हणतो, गेम खेळत असेल. फरक इतकाच की आत्याने झाकलं आणि चुकले म्हणाली. चुकले म्हणायलाही तोंडाला भोक लागतं. मामांचं सगळं तोंड बोलण्यात अडलेलं.

चिंगीने यंत्र पुसून, जोडून, स्क्रू लावले. सुरू केलं. पंखा फिरला आणि मागच्या भोकांतून गरम हवेचा झोत आला, तो थेट समोर बसलेल्या मामांच्या तोंडावर. ते जरा मागे सरकले. वेळ थोडा होता. संध्याकाळी तिथे कुलूप लागणार होतं.

"इथे नको बसू," आत्या म्हणाली. "इथे सगळे सल्ले देतील. माझ्या खोलीत चल."

आत्याच्या खोलीत एक खाट, एक देव्हारा आणि एक खिडकी. खिडकी तिने सताड उघडली, तशी खाटेसमोर बाहेरचं झाड दिसायला लागलं. लॅपटॉपच्या पोटाखालून वारा जावा म्हणून चिंगी काहीतरी शोधत होती, तर आत्याने लोकर गुंडाळायची लाकडी रिळं काढून चार कोपऱ्यांखाली ठेवली. यंत्र पाय सोडून बसलं. चित्रं रंगायला लागली. दवाखान्याचं दार, मग ओसरी, मग उन्हाची तिरीप पडलेली लांब खोली. पडदा काळा झाला नाही.

आत्या खुर्ची घेऊन दाराबाहेर बसली आणि उरलेला स्वेटर उसवायला लागली.

पहिल्यांदा आई आली. "काही हवंय का तिला?"

"काही नको."

मग बाबा आले, आत्याच्या पायाशी जमिनीवर बसले आणि सुटलेल्या धाग्याचा गुंडा करून देऊ लागले. लहानपणी करायचे तसा. आत्याने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

मग मामा आले. "मी जरा बघतो. खिडकी उघडी दिसतेय. धूळ जाईल."

"आत जप चाललाय," आत्या म्हणाली.

"जप? चिंगी जप करते?"

"हो."

"मी मध्ये बोलणार नाही. नुसतं उभा राहीन."

"मामासाहेब," आत्या धागा ओढत म्हणाली, "तुम्ही नुसते उभे राहिलेले मी या घरात आजवर पाहिलेलं नाही."

बाबांना हसू आलं. त्यांनी ते गुंड्यात लपवायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही.

मामा तोंड उघडणार, तोच फोन वाजला. तोच शिपाई, आवाज नेहमीहून मोठा. "साहेब, एसी बंद पडलाय. कधी पडला माहीत नाही. खोलीबाहेरपर्यंत गरम लागतंय. आतली सगळी मशीनं बंद पडली साहेब, वरून मोठ्या साहेबांचा फोन येतोय. एसीवाला दाराशी उभा आहे. किल्ली."

मामांनी खिसे चाचपले. किल्ली होती. चिकटपट्टी होती. ते आधी दोन्हींकडे आणि मग आत्याकडे बघत राहिले. आत्याने टाका ओढला.

"मी येतो," ते फोनवर म्हणाले. आणि मग, जिना उतरता उतरता, घरातल्या सगळ्यांना नीट ऐकू आलं, "आधी तिथे कोण गेम खेळत होतं ते शोधा."

उन्हं खिडकीतून कलली तेव्हा शेवटचं चित्र रंगून झालं. चिंगीने फिल्म जोडली, पाठवली, आणि "मिळाली" असं उत्तर येईपर्यंत देव्हाऱ्यासमोर हात जोडून बसली. म्हणजे आत्या अगदीच खोटं बोलली नव्हती.

जागा तिला मिळाली. मुख्य बाईंनी म्हणे फिल्म बघताना एवढंच विचारलं, "या खोलीत खाटेवर पडलं की झाड दिसतं, हे कुठून सुचलं?" चिंगी म्हणाली, "आमच्याकडे एक मागची खोली आहे."

मामा अजून जेवणाच्या सुटीत येतात. चिंगीला नोकरी लागली ती आपण वेळेवर यंत्राचा बंदोबस्त केला म्हणून, असं ते भेटेल त्याला सांगतात, आणि ऐकणाऱ्यांतले निम्मे मान डोलावतात. कार्यालयात त्यांच्या खोलीला दुसरी किल्ली झाली आहे. ती शिपायाकडे असते. त्याबद्दल ते बोलत नाहीत. पुढे थंडी पडली तेव्हा आत्याने त्यांना जांभळ्या लोकरीचा मफलर दिला. वीण घट्ट, लांबीला भरपूर. "नाकाखालून गुंडाळा," ती म्हणाली, "म्हणजे धूळ जाणार नाही." त्यांनी तो तसाच गुंडाळला. तो असतो तोवर त्यांचं बोलणं जरा अस्पष्ट येतं, आणि बाबा म्हणतात, घरात काय छान वारा सुटलाय.

आत्याने मात्र वस्तूंचे स्वेटर हळूहळू उतरवले. दाराची कडी आता उघडी आहे. मागच्या खोलीच्या खिडकीत ती संध्याकाळी बसते, आणि बाबा रोज तिच्याकडे येऊन गुंडा करून देतात.

एवढीच गोष्ट. आता उठा, पण एक मागणं आहे. घरी गेल्यावर तुमच्याकडे काही तापलं, यंत्र तापो की माणूस, तर त्यावर काही घालायच्या आधी त्या आत्याची आठवण ठेवा. चारचौघांत स्वतःच्या हाताने केलेलं स्वतः उसवणारी बाई सारखी भेटत नाही. आज निजताना देवापुढे तिचंही नाव घ्या. नाव मला ठाऊक नाही; आत्या म्हटलं तरी त्याला कळेल.